लेकराकडं परदेशी निघालेल्या आईबापाच्या विम्याबद्दल

मार्च संपत आला की लातुरात आमच्या मेडिकलवर एक ठराविक गिऱ्हाईक दिसायला लागतंय. साठी-पासष्टीचे काका-काकू, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, आणि पहिलाच प्रश्न असा की सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का. मग बोलता बोलता कळतंय की पोरगा डॅलसला असतोय, नाहीतर लेक म्युनिकला बाळंत व्हायलीय, नाहीतर नातवाचा पहिला वाढदिवस आहे. तिकीट झालंय, व्हिसा झालाय, ज्वारीचं पीठ किती किलो न्यायचं हे ठरलंय, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, काळं तिखट, येसर, सगळी तयारी. आणि विमा? "त्यो एजंटनं तिकिटासोबतच टाकलाय बगा कायतरी." हे "कायतरी" ऐकलं की मला राहवत नाही, काउंटरवर गर्दी असली तरी मी त्यांना आत स्टुलावर बसवतो आणि मोबाईलमधली पॉलिसीची पीडीएफ उघडायला लावतो.

तेच सगळं इथं लिहून ठेवायलोय, आणि खरं तर हे त्या काका-काकूंपेक्षा तिकडं बसलेल्या त्यांच्या पोरापोरींनी वाचावं असं मला वाटतं. कारण पॉलिसी काढणारे बऱ्याचदा तेच असतात, रात्री ऑफिसचं काम आटपून ऑनलाईन, दहा मिनिटांत, सगळ्यात स्वस्त कुठली ते बघून. आणि आईबाप रोज कुठल्या गोळ्या खातात, किती वर्षांपासून खातात, याची खरी यादी त्यांच्याकडं नसतेच, ती आमच्यासारख्या मेडिकलवाल्याकडं असते.

मागच्या वर्षी एक रिटायर्ड गुरुजी आलते, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेलेला माणूस, अतिशय सरळ. लेकीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, बाबा तुम्हाला काही आजार? हे म्हणले, काही नाही, ठणठणीत. तिनं फॉर्मवर "नाही" टिक केलं. आता हेच गुरुजी दर महिन्याला माझ्याकडून शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची टेल्मिसार्टन नेतात, किती तरी वर्षं झाली. मी म्हणलं, गुरुजी, शुगर आहे की तुम्हाला. तर म्हणले, "कुठंय? रिपोर्ट नॉर्मल आलाय की मागच्या महिन्यात." म्हणलं, गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलाय. ते काही खोटं बोलत नव्हते. आमच्याकडच्या माणसाला बीपी-शुगर हा आजार वाटतच नाही, हिंडता-फिरता माणूस आहे, दोन भाकरी खातोय, मग कसला आजार. पण विमा कंपनीच्या कागदावर हा आधीपासूनचा आजार आहे, आणि तो लपवला गेला असं धरतात.

यात पकडले कसे जातात ते नीट समजून घ्या, कारण "त्यांना अमेरिकेत काय कळतंय" असं मला बऱ्याच जणांनी तोंडावर म्हणून दाखवलंय. समजा तिथं रात्री छातीत दुखलं, इमर्जन्सीत नेलं. नर्स पहिल्या पाच मिनिटांत विचारते, कुठल्या गोळ्या चालू आहेत, बीपी कधीपासून आहे, शुगर आहे का, आधी काही ऑपरेशन झालंय का. तिथं खरंच सांगावं लागतं आणि खरंच सांगायला पाहिजे, नाहीतर उपचार चुकतील, जिवावर बेतेल. तुम्ही सांगता, बीपी दहा वर्षांपासून. ते तसंच केस पेपरवर चढतं, डिस्चार्ज समरीत येतं. आणि क्लेमला पहिला कागद कुठला लागतो? डिस्चार्ज समरी. कंपनीचा माणूस एका बाजूला ती समरी ठेवतो, दुसऱ्या बाजूला तुमचा फॉर्म. एकात दहा वर्षं, दुसऱ्यात "नाही". त्याला लातूरला येऊन चौकशी करायची गरजच पडत नाही. आणि आलाच तर आमचं कॉम्प्युटरचं बिल आहे की, नाव, तारीख, गोळी, सगळं छापलेलं.

माझी एक मावशी न्यू जर्सीला मुलाकडं गेलती. तिचं बीपी आणि थायरॉईड दोन्ही फॉर्ममध्ये लिहायला लावलं, त्यापायी विम्याचा हप्ता थोडा चढा बसला, भाऊ कुरकुरला. तिकडं गेल्यावर एका रात्री तिला घाम सुटला, छातीत जड व्हायला लागलं. ईसीजी, रक्ताच्या टेस्ट, रात्रभर निगराणीत ठेवलं, सुदैवानं हार्टचं काही निघालं नाही. पण नुसत्या तेवढ्याचं बिल बघून भाऊ सुन्न झालता. कंपनीनं कागद मागितले, परत मागितले, जुनी चिठ्ठी मागितली, पण डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः भरायची पहिली ठरलेली रक्कम, कापून बाकीचे पैसे दिले, कारण फॉर्म आणि समरी दोन्ही एकच बोलत होते. आणि आमच्याच एका गिऱ्हाईकाचं उलटं झालं, औश्याकडचे आहेत. काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, स्टेंट टाकलेला, फॉर्मवर मात्र काहीच नाही. तिथं हार्टचाच त्रास झाला, क्लेम नाकारला, पोरगा अजून हप्त्यानं हॉस्पिटलचे पैसे फेडायलाय. वाचवलेला हप्ता किती असंल? काही हजार रुपये.

अशी वेळ कुणावर आलीच तर एक गोष्ट सांगून ठेवतो, अमेरिकेत हॉस्पिटलचं पहिलं बिल आलं की लगेच घाबरून क्रेडिट कार्ड काढायचं नाही. आधी आयटमाइज्ड बिल मागायचं, म्हणजे एकेका गोष्टीचा हिशोब. आणि हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट असंल तर त्यांना आर्थिक मदतीची पॉलिसी ठेवावीच लागते, तिथल्या कायद्यानं, तिचा फॉर्म मागायचा. बोलून बिल कमी करून मिळालेली उदाहरणं भरपूर आहेत. आणि पैसे नाहीत म्हणून दारातून परत पाठवतील ही भीती काढून टाका. १९८६ चा एम्टाला नावाचा कायदा आहे तिकडं, इमर्जन्सी विभाग असलेल्या बहुतेक सगळ्या हॉस्पिटलला तो लागू आहे, आलेल्या पेशंटला तपासून त्याची तब्येत स्थिर करणं त्यांना बंधनकारक आहे, पैशाचा विषय नंतर. बिल मात्र येतंच.

आता फॉर्मवर आजार लिहिला म्हणजे तो कव्हर झाला असंही नाही बरं का, इथं दुसरा घोळ होतो. लिहिणं वेगळं आणि त्याचे पैसे मिळणं वेगळं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत जुन्या आजाराचं कव्हर फक्त जीव धोक्यात असेल तेव्हाच असतंय, आणि तेही ठराविक रकमेपर्यंत, काहीत तेवढंही नसतंय, काहीत जादा पैसे भरून घ्यावं लागतं. म्हणून पीडीएफमध्ये वरची मोठी रक्कम बघून खुश व्हायचं नाही, आत "प्री-एक्झिस्टिंग" शब्द शोधायचा आणि त्याच्यापुढं काय लिहिलंय ते वाचायचं. ते कळलं नाही तर कंपनीला ईमेल करून विचारायचं, की माझ्या वडिलांना अमुक अमुक आजार आहेत, त्यातून इमर्जन्सी आली तर किती रक्कम मिळेल. फोनवर विचारू नका, फोनवरचा माणूस सगळ्याला हो म्हणतो. ईमेलचं उत्तर आलं की प्रिंट काढून पॉलिसीला जोडून ठेवा.

मग सब-लिमिट. साठीच्या पुढच्या माणसाच्या पॉलिसीत हे हमखास बघा. समजा वर ५०,००० डॉलर लिहिलंय, पण आत बारीक अक्षरात लिहिलंय की हॉस्पिटलच्या खोलीचे दिवसाला १,५०० डॉलरच देणार. आणि हॉस्पिटलनं लावले दिवसाला ५,०००. चार दिवस राहिलं तर १४,००० डॉलर तुमच्या खिशातून, ५०,००० ची पॉलिसी असून. सर्जनच्या फीला वेगळी मर्यादा, आयसीयूला वेगळी, अ‍ॅम्ब्युलन्सला वेगळी. सब-लिमिट नसलेली पॉलिसी महाग मिळते, पण मिळते, आणि वडील सत्तरीचे असतील तर माझं स्पष्ट मत आहे की तीच घ्यावी, भलेही तिकडं राहायचे दिवस थोडे कमी करा. डिडक्टिबल म्हणजे पहिले इतके डॉलर तुमचे, त्याच्या वरचे आमचे. ते १०० डॉलर आहे का १,००० आहे हे बघा, कारण हप्ता स्वस्त दिसण्याचं कारण बऱ्याचदा तिथंच असतंय.

कुणी विचारतात की पॉलिसी इथून घ्यावी का अमेरिकेतली. दोन्हीत खाचाखोचा आहेत. तिकडच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये एक फिक्स्ड बेनिफिट म्हणतात तो स्वस्त प्रकार, त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेले डॉलर, तो मी आईबापासाठी सुचवणार नाही. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, त्यात डिडक्टिबल झाल्यावर पॉलिसीच्या हद्दीपर्यंत बिल उचलतात, नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी करार असलेलं हॉस्पिटल असेल तर बिल बऱ्याचदा थेट कंपनीकडं जातं, म्हणजे आधी खिशातून भरा नि मग मागा असं होत नाही. पण जुन्या आजाराला तिथं "अक्यूट ऑनसेट" अशी अट असतीय, म्हणजे त्रास अचानक, आधी काही लक्षण नसताना उद्भवलेला पाहिजे आणि ठराविक तासांत उपचार घेतलेला पाहिजे, आणि वय वाढलं की ती रक्कम एकदम खाली येते. इथून घेतलेल्या पॉलिसीचा फायदा हा की भांडायची वेळ आली तर इथं भांडता येतं, आपल्या भाषेत, आपल्या गावाजवळ. माझा कल त्याच्याकडंच आहे, पण वडिलांना हार्टचा जुना आजार असेल तर दोन्ही बाजूच्या पॉलिसी मांडून बघा.

आणि हो, घरची मेडिक्लेम पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधी मेडिक्लेम भारताबाहेर चालत नाही, एखादीत वेगळं लिहिलेलं असेल तरच.

युरोपला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच होऊन बसलाय. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, विमा सक्तीचा आहे, कमीत कमी ३०,००० युरोचा, शेंगेनमधल्या सगळ्या देशांत चालणारा, इमर्जन्सी उपचार आणि माणसाला परत मायदेशी आणण्याचा खर्च धरून. २००९ च्या व्हिसा कोडमध्येच ते लिहिलंय. आता बल्गेरिया-रोमानिया धरून २९ देश झालेत त्यात. झालंय काय की लोक ३०,००० युरो हा आकडा धरून सगळ्यात स्वस्त पॉलिसी शोधतात, व्हिसा मिळतो, आणि पॉलिसी चांगली आहे अशी समजूत होते. व्हिसाचा अधिकारी एवढंच बघतो की रक्कम आणि तारखा बरोबर आहेत का. तुमच्या वडिलांची शुगर त्यात धरलीय का नाही हे बघणं त्याचं काम नाही, ते आपलं काम आहे. आणि अमेरिकेच्या टूरिस्ट व्हिसाला विम्याची अटच नाही, त्यामुळं तिकडं जाणारे बरेच जण काढतच नाहीत. जिथं बिल सगळ्यात मोठं येणार तिथंच विमा नाही, हे मला अजिबात पटत नाही आणि मी प्रत्येकाला काउंटरवरून तसं बोलतो.

पॉलिसीवरच्या नावाचं पण बघा. आमच्या भागातल्या जुन्या माणसांचे कागद म्हणजे एकेक कागदावर एकेक नाव. टीसीवर आडनाव एक, सातबाऱ्यावर गावावरून पडलेलं दुसरं, आधारवर बापाचं नाव अर्धंच, आणि जन्मतारीख म्हणाल तर शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून. घरात चार भाऊ असले तर चौघांची १ जून. त्यात वाईट काही नाही, पण पासपोर्टवर जे नाव आणि जी तारीख आहे तीच तिकिटावर, तीच विम्यावर, अक्षर न् अक्षर. वाढदिवस घरी दुसऱ्या दिवशी करत असले तरी फॉर्मवर तो दिवस टाकायचा नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक असू द्या, बरेच देश ते बघतात. आणि नॉमिनी म्हणून नवऱ्यानं बायको नि बायकोनं नवरा टाकलेला असतो, दोघं एकाच विमानात बसणार असतात, तर घरी राहणाऱ्या एखाद्या पोराचं नाव टाका.

तारखांचं एक. बाळंतपणाला गेलेली आई ठरल्या तारखेला परत येतच नाही, हे आमच्याकडं ठरलेलंच आहे. बाळाला सर्दी झाली, सुनेची सुट्टी संपली, अजून महिनाभर राहा म्हणतात. तिकीट पुढं ढकलतात, विमा विसरतात. पॉलिसी संपायच्या आधी मुदत वाढवायला अर्ज करावा लागतो, संपल्यावर वाढवून मिळंलच असं धरून चालू नका, आणि वाढवताना कंपनी तब्येत विचारते, मधे काही उपचार झाला असेल तर अवघड होतंय. म्हणून पहिल्यापासूनच महिना-पंधरा दिवस जास्तीचे धरून पॉलिसी घ्या, त्याला फार पैसे पडत नाहीत. आणि इथून घ्यायची असेल तर भारतातून निघायच्या आधी घ्या, विमानात बसल्यावर आठवून उपयोग नाही.

आता माझ्या धंद्याचं, म्हणजे गोळ्यांचं. इथं मी थोडं सविस्तर लिहितो.

चिठ्ठीवर कंपनीचं ब्रँड नाव असून चालत नाही, तिकडच्या डॉक्टरला ते कळत नाही. डॉक्टरांकडून औषधाचा कंटेंट लिहून घ्या, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, असा. लेटरहेडवर, टाईप करून, इंग्रजीत, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर घालून, आजाराचं नाव आणि किती दिवसांचा डोस तेही. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या. आमच्याकडं सकाळ-दुपार-संध्याकाळच्या पुड्या बांधून कागदावर लिहायची सवय असतीय, आजीला ते सोपं पडतं हे खरं, पण विमानतळावर सुट्ट्या गोळ्यांची पुडी बघितली की प्रश्न सुरू होतात. पुड्या तिकडं गेल्यावर बांधा. स्ट्रिप कापताना ज्या बाजूला नाव आणि एक्सपायरी आहे ती बाजू राखा, आणि आम्हालाच सांगा की परदेशी न्यायचंय, आम्ही लांबची एक्सपायरी बघून एकाच बॅचचं देतो, बिलावर पासपोर्टवरचं नाव घालतो. अमेरिकेत स्वतःपुरतं औषध साधारण ९० दिवसांचं, असं तिथल्या एफडीएचं, म्हणजे औषध खात्याचं, सर्वसाधारण माप आहे. त्याच्यापेक्षा जास्त राहणार असाल तर चिठ्ठीवर राहायचा काळ लिहिलेला पाहिजे आणि मागून औषध कसं पोचवायचं ते आधी ठरवा.

रोजच्या गोळ्या कधीच मोठ्या बॅगेत टाकू नका. बॅग दुबईला राहिली आणि माणूस शिकागोला पोचला असं होतंय. आठ-दहा दिवसांच्या तरी हातातल्या पिशवीत, आणि इन्सुलिन तर पूर्णच हातातल्या पिशवीत, कारण खाली सामानाच्या जागेत थंडीनं ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं, वरून दिसायला ठीक दिसलं तरी. सोबत डॉक्टरांचं पत्र ठेवा, सुयांसाठी पण.

गुडघेदुखीला आमच्याकडं निमेसुलाईड सर्रास खातात. अमेरिकेत त्याला मंजुरीच नाही, तिथं संपली तर मिळणार नाही, त्यामुळं डॉक्टरांना विचारून आधीच पर्याय ठरवा. आणि आखातात जाणाऱ्यांनी तर फारच जपून. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, झोपेच्या अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामसारख्या गोळ्या, ही यूएईमध्ये नियंत्रित औषधं आहेत, न्यायची असतील तर तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाईन परवानगी आधी घ्यावी लागते. "शेजाऱ्यानं त्याच्या भावासाठी दिलंय" असं पार्सल तर हातात घेऊच नका, कितीही ओळखीचा असू द्या. आणि खसखस! अनारसे लेकासाठी म्हणून डब्यात घालून देतात, मसाल्यात टाकतात. यूएई, सौदीमध्ये खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थात धरतात, आणि चिमूटभर म्हणून सोडून देतील या भरवशावर राहू नका. आईला हे समजावणं अवघड जातं, तरी समजावा.

खाण्याच्या बाकी वस्तूंचं थोडक्यात. काळं तिखट नि मसाले हातातल्या पिशवीत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत, घट्ट पॅक करून. लोणचं-तूप पण तिकडंच. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं काय आणलंय विचारतात, तिथं सगळं खरं सांगायचं, सांगून एखादी वस्तू काढून घेतली तर नुसती वस्तू जाते, लपवून सापडली तर दंड बसतो. ताजा कढीपत्ता नेऊच नका.

आखाताचा विषय निघालाच तर कामाला जाणाऱ्या पोरांसाठी. नांदेड, परभणी, बीडकडून बरीच पोरं जातात, ड्रायव्हर, गवंडी, इलेक्ट्रिशियन. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा असतो, त्यांना आखाती देशात कामाला जायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे सरकारची परवानगी लागते आणि त्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखाचं कव्हर. एजंट याचे हजार-दोन हजार मागत असंल तर तो लुटायलाय असं समजा. टूरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, त्यात हा विमाही नाही आणि काही झालं तर कायदेशीर आधारही नाही. आणि पॉलिसीची एक प्रत घरी आईकडं पाहिजे. माणूस तिकडं गेल्यावर इथं कुणालाच माहीत नसतं की असा विमा होता, आणि तो मागायचा राहून जातो.

पेन्शनवाल्यांना एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि गुरुजी तेव्हा नातवाला मांडीवर घेऊन टेक्सासला बसलेले असतात. निघायच्या आधी बँकेत आणि कोषागारात विचारून घ्या की जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाईन हयातीचा दाखला, मोबाईलवरून चालेल का कसं. तसंच बँकेचं कार्ड, नुसतं खिशात असून परदेशात चालत नाही, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावा लागतो. आणि इथलं सिम कार्ड बंद पडू देऊ नका, ओटीपी त्याच्यावरच येणार, रिचार्ज संपला की सगळंच अडतं.

निघताना आमच्या लोकांना अजून एक त्रास असतोय तो रस्त्याचा. कुणी हैदराबादहून बसतंय, कुणी मुंबईहून. ट्रॅव्हल्स उशिरा पोचली, विमान गेलं, तर विमा कंपनी त्याचे पैसे देईल हे धरू नका, बहुतेक पॉलिसीचं कव्हर देश सोडताना सुरू होतं, बार्शी नाक्यावर नाही. एक दिवस आधी निघून नातेवाईकाकडं मुक्काम करा.

बॅग आली नाही तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी एअरलाईनच्या काउंटरवर पीआयआर नावाचा रिपोर्ट लिहून घ्यायचा, त्याचा नंबर जपायचा, त्याशिवाय विम्याचा क्लेम उभाच राहत नाही. एअरलाईनकडून वेगळी भरपाई मिळते ती माँट्रियल कराराप्रमाणे, भारतानं तो २००९ मध्ये मान्य केलाय. बॅग फुटली-तुटली तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. जास्तीत जास्त रक्कम सध्या माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण २,००० डॉलर. बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा मोबाईलवर फोटो काढा, सोनं-नाणं त्यात ठेवूच नका.

आणि प्रत्यक्षात तब्येत बिघडली तर काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. आधी अ‍ॅम्ब्युलन्स, अमेरिकेत ९११, युरोपात ११२. मग पॉलिसीवर दिलेल्या असिस्टन्स नंबरला फोन, अ‍ॅडमिट झाल्यावर शक्य तितक्या लवकर, बऱ्याच कंपन्यांची २४ तासांची अट असतीय. फोन केला की रेफरन्स नंबर मिळतो, तो लिहून ठेवायचा. कॅशलेस व्हायचं असेल तर याच फोनवर ठरतं. पण छातीत दुखत असताना नेटवर्कमधलं हॉस्पिटल शोधत बसायचं नाही, जवळचं गाठायचं. ताप, जुलाब, पाय मुरगळला असलं काही असेल तर मात्र अमेरिकेत इमर्जन्सीत जायच्याऐवजी अर्जंट केअर क्लिनिकला जा, तिथलं बिल पुष्कळ कमी असतं. पोरगा-सून दिवसभर ऑफिसात, घरी दोघं म्हातारी माणसं, इंग्रजी येत नाही, अशा वेळी फ्रिजवर मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवून ठेवा. घराचा पत्ता, पॉलिसी नंबर, असिस्टन्स नंबर, चालू गोळ्यांचे कंटेंट, कशाची ॲलर्जी. अ‍ॅम्ब्युलन्सवाला आला की हात करून दाखवला तरी भागतंय. ९११ वर दुभाषा मागता येतो, भाषेचं नाव तेवढं इंग्रजीत सांगता आलं पाहिजे, एवढं आईकडून दोन-तीनदा म्हणून घ्या.

कागदांचं म्हणाल तर डिस्चार्ज समरी, एकेक गोष्टीचं बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बोर्डिंग पास, पासपोर्टच्या शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स, हे सगळं परत यायच्या आधी तिकडंच गोळा करा. इथं आल्यावर अमेरिकेतल्या हॉस्पिटलकडून कागद मागवणं फार जिकिरीचं जातं.

एवढं सगळं करूनही क्लेम नाकारला तर लोक इथं हातपाय गाळतात, "मोठी कंपनी हाय, आपलं कोण ऐकतंय" म्हणून. तसं करू नका. पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, नाकारण्याचं कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कुठल्या कलमानं नाकारलं ते पण विचारा. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, १५५२५५ हा त्यांचा नंबर आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जा, कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत. ५० लाखापर्यंतच्या भरपाईचे वाद तिथं चालतात, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि आपल्या मराठवाड्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडं आहे. फॉर्मवर सगळे आजार खरे लिहिले असतील आणि कंपनीला केलेल्या ईमेलची प्रिंट जवळ असेल, तर तिथं मांडायला तुमच्याकडं भक्कम कागद असतो. फॉर्म भरायच्या आधी वडिलांच्या गोळ्यांची यादी पाहिजे असेल तर ते जिथून औषध नेतात त्या मेडिकलवाल्याला फोन लावा, तो मागच्या वर्षभराची बिलं काढून देईल.